पंखा, शाफ्ट, सुकाण

दिवाळे गावच्या जेट्टीला लागलेली इंजिनाची मासेमारी बोट आणि बाजारात मिळणारी दीड फुटी रिमोटची स्पीडबोट, दोघींचं पोट उघडून पाहिलं तर आत एकाच घराण्याची यंत्रणा दिसते. मोठीत डिझेल इंजिन, इंजिनाला कपलिंग, कपलिंगमधून निघालेला शाफ्ट, शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी ग्लँड, टोकाला पंखा आणि त्यामागे सुकाण. छोटीत इंजिनाच्या जागी मोटर आली, बाकी क्रम तोच. म्हणून खाडीकाठी बोटीचं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला मॉडेल बोट समजावून सांगावी लागत नाही. तो आधी शाफ्ट दोन बोटांनी फिरवून पाहतो, कुठे अडकतो का ते चाचपतो. मग पंखा आडवा-उभा हलवून बुश किती झिजलाय याचा अंदाज घेतो. आणि त्यानंतर जे विचारतो, त्याच्याभोवतीच हे सगळं प्रकरण फिरतं: याचा पंखा मिळतो कुठे?

रिमोटच्या बोटींचा छंद लागलेला माणूस बहुतेक वेळा वेगापासून सुरुवात करतो. मोटर मोठी, बॅटरी मोठी, ताशी किती किलोमीटर. माझं मत याच्या उलट आहे. आपल्याकडे, विशेषतः खाऱ्या पाण्यावर, बोटीचं आयुष्य तिच्या वेगावर ठरत नाही, सुट्या भागांवर ठरतं. ज्या बोटीचा मोडलेला भाग आठवड्याभरात हाती येत नाही ती बोट माळ्यावर जाते. त्यामुळे अपग्रेड करायचं ते या हिशेबाने: जो भाग फक्त एकाच कारखान्यातून येऊ शकतो तो काढायचा आणि त्या जागी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नागदेवीला किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा भाग बसवायचा. वेग त्यातून येतोच, पण तो दुसऱ्या पायरीवर.

आधी कारखान्यातून आलेली बोट कशी असते ते पाहू. फेलून या चिनी कंपनीची एफटी००९ ही जगभर खपलेली स्वस्त स्पीडबोट नमुना म्हणून घेऊ. लांबी ४६ सेंटीमीटर, एबीएस प्लास्टिकचा खोल व्ही आकाराचा तळ, ७.४ व्होल्टची १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, पाण्याने थंड होणारी ब्रशची मोटर, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि ताशी ३० किलोमीटरचा दावा. उलटली तर पुन्हा सुलटी होण्याची सोयही तिच्यात आहे. या किमतीत एवढं मिळणं ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. गोड्या पाण्याच्या शांत तळ्यात ही बोट छान पळते.

पण या जातीच्या बोटींचं झाकण काढलं की एक गोष्ट लक्षात येते. रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर आणि सुकाण वळवणाऱ्या सर्वोचं नियंत्रण, ही तिन्ही कामं एकाच सर्किट बोर्डवर कोंबलेली असतात. कारखान्याला ते स्वस्त पडतं. आपल्याला मात्र महागात जातं, कारण तिघांपैकी एकाने मान टाकली की तिघेही गेले. त्यातून अनेक स्वस्त बोटींतला सर्वो पाच तारांचा असतो. बाजारात सर्रास मिळणारा सर्वो तीन तारांचा, कारण त्याचा मेंदू त्याच्याच पोटात असतो. पाच तारांच्या सर्वोला मेंदू नसतो, तो बोर्डावर असतो. म्हणजे दातेरी चाकाचा एक दात तुटला तरी बाजारातला सर्वो तिथे चालत नाही. तोच कारखाना, तोच नंबर, तोच भाग.

तळाशी आणखी एक खुबी असते. बाहेरच्या अंगाला दोन छोटे धातूचे ठिपके दिसतात. पाण्याने ते दोन ठिपके जोडले गेल्याशिवाय मोटर चालू होत नाही, म्हणजे मुलाच्या हातात असताना पंखा फिरून त्याच्या हाताचं बोट कापणार नाही. सुरक्षिततेसाठी ही फार चांगली योजना. पण खाडीत तिची परीक्षा लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि नळाच्या पाण्यापेक्षा ते अंदाजे शंभरपट जास्त वीज वाहतं. बॅटरी लावलेली असताना त्या दोन ठिपक्यांमध्ये सतत बारीक प्रवाह वाहत राहतो आणि विद्युत-विघटनाने एक ठिपका खाल्ला जातो. बोट न धुता ठेवली तर काही दिवसांत त्याच्यावर हिरवट साका धरतो, तारेचं सोल्डर आतून भुसभुशीत होतं आणि एके दिवशी बोट पाण्यात सोडली तरी मोटर हूं की चूं करत नाही. बहुतेकांना वाटतं मोटर जळाली. खरं तर ते ठिपके बारीक पॉलिश पेपरने घासून आतली तार नव्याने सोल्डर केली की काम होतं. खाडीकाठी ‘बंद पडलेली’ बोट हाती आली की पहिल्यांदा इथे पाहावं.

आता खाडीकडे वळू, कारण अपग्रेड कुठलं करायचं हे तीच ठरवते. दिवाळे हे बेलापूरच्या किल्ल्याजवळचं, पनवेल खाडीवरचं कोळ्यांचं जुनं गाव. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, आजूबाजूला सीबीडीच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी गावाचं तोंड खाडीकडेच राहिलं. बाजूच्या बेलापूर जेट्टीवरून १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईची वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा खऱ्या स्पीडबोटीही या पाण्यात धावल्या. या पाण्याची चार वैशिष्ट्यं मॉडेल बोटीला जड जातात: मीठ, चिखल, जाळ्याचे तुकडे आणि ओढ.

ओढीचं गणित कोळ्यांना पाठ असतं आणि छंद करणाऱ्यानेही ते पाठ करावं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पुढे साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो म्हणून हा हिशेब जुळतो. खाडीत आत शिरत जावं तशी भरती थोडी मागे पडते, तेवढी सूट धरायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ते सगळं पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडातून परत जायचं असतं. त्या ओढीत बंद पडलेली दीड फुटी बोट परत येत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची हालचाल कमी. आणि पाऊणपटीच्या हिशेबाने अष्टमीची भरती सहाच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी उजेड असतानाच, पूर्ण होते. पाणी संथ, जेट्टीला खोली, डोळ्यांना दिसतंय. या खाडीत छोटी बोट सोडायला महिन्यातून दोनदा येणारी ही सगळ्यांत चांगली वेळ. जेट्टीवर बोटी लागण्या-सुटण्याची घाई असेल तर अर्थातच थांबावं. पहिला मान कामाच्या बोटीचा.

चिखल आणि जाळ्याचे तुकडे यांचा इलाज बोटीतच करावा लागतो. तुटक्या नायलॉन जाळ्याचा एखादा धागा पंख्यात अडकला की तो शाफ्टवर गुंडाळत बुशपर्यंत जातो. मोटर अडते, पण कंट्रोलर करंट देतच राहतो. अडकलेली मोटर सर्वांत जास्त करंट खाते. कपलिंग प्लास्टिकची असेल तर ती सटकते, आणि तसं झालं तर नशीब चांगलं, कारण नाही तर बोर्ड जळतो. अशा पाण्यात अशक्त दुवा कुठला ठेवायचा हे आपण ठरवावं. माझ्या मते तो पंखा असावा. नायलॉनचा पंखा तुटला तर दुसरा लावता येतो. धातूचा पंखा तुटत नाही, तो धक्का मागे ढकलतो आणि मग शाफ्ट वाकतो किंवा मोटर बसते.

इथून अपग्रेडला सुरुवात होते आणि पहिलीच चूक फार जण करतात. ७.४ व्होल्टची दोन सेलची बॅटरी काढून ११.१ व्होल्टची तीन सेलची लावतात. बोट एकदम उसळते, बघणारे टाळ्या वाजवतात आणि काही मिनिटांत धूर येतो. कारण साधं आहे. व्होल्टेज दीडपट झालं म्हणून पंख्याच्या फेऱ्या दीडपटीच्या जवळ जातात. पण पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीडचा घन म्हणजे जवळजवळ ३.४. करंट सव्वादोनपट होतो. दोन सेलसाठी बेताने निवडलेले बोर्डावरचे ट्रान्झिस्टर हा भार सोसत नाहीत. बॅटरी ही शेवटी बदलायची गोष्ट आहे, पहिली नव्हे.

पहिला बदल बोर्डाचा. तो संपूर्ण काढून टाकायचा आणि त्याची तीन कामं तीन वेगळ्या वस्तूंना वाटून द्यायची. वेगळा रिसीव्हर आणि त्याचा रिमोट, वेगळा स्पीड कंट्रोलर, वेगळा तीन तारांचा सर्वो. नऊ ग्रॅमचा सर्वो आज कॉलेजच्या प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. त्यातला धातूच्या गिअरचा, एमजी९० नावाने ओळखला जाणारा घ्यावा. सुकाणाकडे जाणारी काडी तुटली तर सायकलच्या दुकानातली दोन मिलिमीटरची स्पोक कापून वाकवली की झालं. अशी बोट पहिल्यापेक्षा वेगवान झालेली नसते. पण तिचा प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे बदलता येतो, आणि हाच माझ्या लेखी सर्वांत मोठा अपग्रेड.

नवा रिमोट लावताना एक काम विसरू नये. संदेश तुटला तर मोटर शून्यावर यावी, ही सोय रिसीव्हरमध्ये आधीच ठरवून ठेवता येते. ती ठरवली नाही तर संदेश तुटताना जो वेग होता त्याच वेगाने बोट उरणच्या दिशेने निघून जाऊ शकते. संदेश तुटण्याची शक्यता पाण्यावर जास्तच असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे अँटेनाचा कामाचा भाग तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे टोकाचा ३१ मिलिमीटरचा तुकडा. या लहरी खाऱ्या पाण्यात फारशा शिरत नाहीत. तेव्हा तो तुकडा तळाशी तारांच्या गुंत्यात पडू न देता एका उभ्या प्लास्टिकच्या नळीत घालून, पाण्याच्या रेषेच्या वर, झाकणाच्या आतल्या बाजूला उभा ठेवायचा. जुन्या खेळण्यांतल्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरी ११ मीटर लांबीच्या होत्या, म्हणून त्यांना लांबलचक तार लागायची आणि दोन रिमोट एकाच पट्ट्यात आले की एकाच्या इशाऱ्यावर दुसऱ्याची बोट वळायची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यानंतर आलेल्या रिमोटांनी ही कटकट संपवली. आता एका पाण्यात दहा बोटी सुखाने पळतात.

या विषयात एक गोष्ट मला फार आवडते. रेडिओच्या इशाऱ्यावर चालणारं जगातलं पहिलं गाजलेलं यंत्र बोटच होतं. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याचं कुंड मांडून छोटी लोखंडी बोट लोकांना दूरवरून चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. बोटीच्या पोटात शिशाची बॅटरी, पंख्याला एक मोटर, सुकाणाला दुसरी, आणि संदेश ओळखायला धातूच्या किसाने भरलेली नळी. बोटच का, याचं उत्तर त्या बॅटरीच्या वजनात आहे. एवढं ओझं घेऊन हवेत उडणारं काही तेव्हा शक्य नव्हतं. पाणी मात्र ते ओझं निमूटपणे उचलतं. आज लिथियमच्या बॅटरीने वजन कितीतरी कमी केलं आहे, तरी मॉडेल बोट अजूनही विमानापेक्षा जास्त क्षमाशील असते. बंद पडली तर पडून फुटत नाही, तरंगत राहते.

आता मोटर. खेळण्यातली ब्रशची मोटर झिजते. तिचे कार्बन ब्रश झिजतात आणि खारी वाफ आत गेली की कॉम्युटेटर काळा पडतो. ब्रशलेस मोटरला झिजायला बेअरिंगखेरीज फारसं काही नसतं. आपल्या बाजारात सर्वांत सहज मिळणारी ब्रशलेस मोटर म्हणजे ड्रोनच्या प्रोजेक्टसाठी विकली जाणारी ए२२१२. तिच्यावर छापलेला केव्हीचा आकडा म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेऱ्या. १४०० केव्हीची मोटर तीन सेलवर लावली तर ११.१ गुणिले १४०० म्हणजे १५,५४० फेऱ्या. पाण्यातला भार धरून त्याच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे १२,४००. पंखा ३२ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची पिच व्यासाच्या १.४ पट असेल तर प्रत्येक फेरीला तो कागदावर ४५ मिलिमीटर पुढे जातो. मिनिटाला साधारण ५५८ मीटर, तासाला ३३ किलोमीटर. पाणी काही घट्ट लाकूड नव्हे, पंखा त्यात घसरतो. पंधरा-वीस टक्के तिथे सोडले की २७-२८ उरतात. खाडीसाठी एवढा वेग पुरेसा आहे. दुकानदार याच मोटरचा २२०० केव्हीचा प्रकार पुढे करेल. मोठा आकडा पाहून तो घेऊ नये. वर सांगितलेला घनाचा नियम तिथेही लागू आहे.

ए२२१२ मध्ये एक अडचण आहे आणि ती आधीच कळलेली बरी. तिचं बाहेरचं कवच फिरतं. त्यामुळे बोटीच्या मोटरीला घालतात तसं पाणी खेळवणारं अॅल्युमिनियमचं जॅकेट तिला घालता येत नाही, आणि आत एखादी सैल तार असली तर ती त्या कवचाला लागून कापली जाते. तारा बांधून ठेवाव्यात आणि मोटर ज्या पट्टीवर बसते त्या पट्टीला थंडावा द्यावा. ड्रोनचा स्पीड कंट्रोलरही वाऱ्याने थंड होण्याच्या हिशेबाने बनलेला असतो. बंद बोटीत वारा नाही. त्याच्या पाठीवर अॅल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवून तिच्यावरून पाण्याची नळी फिरवावी लागते. नळीसाठी मत्स्यालयाच्या दुकानातली मऊ सिलिकॉनची हवेची नळी उत्तम चालते. पैशाची तयारी असेल तर खास बोटीसाठी बनलेली, आतला भाग फिरणारी मोटर आणि पाण्याच्या तोट्या असलेला कंट्रोलर घ्यावा. तो जास्त टिकतो. पण जळाला तर दुसरा कधी मिळेल, हे घेण्याआधी विचारावं.

थंडाव्याचं पाणी सुकाणाजवळच्या भोकातून आत येतं आणि बोटीच्या कुशीतून बाहेर पडतं. होडीला आउटबोर्ड इंजिन लावणारा कोळी ते चालू केल्याबरोबर मागे वाकून पाण्याची बारीक धार पडते का ते बघतो. धार नसेल तर इंजिन लगेच बंद. मॉडेल बोटीलाही हाच नियम. ओहोटीच्या गढूळ पाण्यात ते भोक चिखलाने बुजतं. दर खेपेला धार बघायची, बुजलं असेल तर इंजेक्शनच्या सिरिंजने उलट्या बाजूने पाणी मारून मोकळं करायचं.

शाफ्ट आणि ग्लँड यांवर मी जास्त वेळ घालवेन, कारण खाडीत बोटी बुडतात त्या बहुधा इथूनच. मोठ्या बोटीत शाफ्टभोवती ग्लँडची दोरी भरून नट आवळतात, पाणी थेंब थेंब येईल इतपत. मॉडेलमध्ये शाफ्ट एका पितळी नळीतून जातो आणि नळीत भरलेलं ग्रीसच पाणी अडवतं. ग्रीस संपलं की पाणी थेट पोटात. त्यामुळे ग्रीस पाण्याने न धुपणारं, मरीन ग्रीसच हवं. शाफ्ट आणि नळी या दोन्ही गोष्टी मुंबईत घडवून घेता येतात. पितळी नळ्या गुलालवाडी-किका स्ट्रीटच्या धातुबाजारात मिळतात, स्टेनलेसचे दांडे आणि बारीक बेअरिंग नागदेवीला. टोकाला आटे पाडून घ्यायचे तर तुर्भे-पावण्यापासून रबाळ्यापर्यंतच्या टीटीसी एमआयडीसीत लेथची वर्कशॉप आहेत. एकच आग्रह धरावा: माप एकच ठेवा. चार मिलिमीटरचा शाफ्ट, एम४ आटे आणि नायलॉनचं कडं असलेला एम४ नट. हा नट कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे असतो. खेळण्याबरोबर येणारे दीड-दोन मिलिमीटरचे विचित्र नट खाडीत पडले की बोट दोन आठवडे बसून राहते.

वेगवान बोटींत सरळ दांड्याऐवजी पोलादी तारांच्या पिळाचा लवचीक शाफ्ट असतो. तो वळणावरून शक्ती नेतो आणि पंख्याला पाण्याच्या पातळीजवळ, अर्धा बाहेर, असा ठेवता येतो. या पिळाला दिशा असते. फिरताना पीळ घट्ट होईल अशीच मोटरची दिशा हवी. उलट फिरवला तर तो उसवतो. खाऱ्या पाण्यात हा शाफ्ट दर वेळी बाहेर काढून पुसला नाही तर आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सुरुवात करणाऱ्याने खाडीत सरळ स्टेनलेस शाफ्टच वापरावा असं मला वाटतं.

मग सुटे भाग मिळेनासे का झाले? यामागे काही सरळ घटना आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. दरम्यान २४ नोव्हेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातलेल्या ४३ अॅपमध्ये अलीएक्सप्रेस होतं. छंद करणाऱ्यांचा सुट्या भागांचा सर्वांत मोठा स्रोत एका दिवसात बंद झाला. २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलरची असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली. देशी कारखानदारी वाढावी आणि मुलांच्या हाती सुरक्षित खेळणी पडावीत हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण आधीच घरात असलेल्या बोटीचं सुकाण कुठून आणायचं, याला त्यात जागा नव्हती. एक लॉट आणून विकणारा व्यापारी सुटे भाग आणत नाही. त्यात त्याला फायदा नाही. लिथियम बॅटऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, म्हणून त्या रस्त्याने किंवा बोटीने येतात आणि वेळ लागतो.

याच काळात दुसरं दार उघडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, पण ड्रोनच्या भागांची आयात मोकळी ठेवली गेली. परिणामी ब्रशलेस मोटरी, कंट्रोलर, लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, एक्सटी६० कनेक्टर, रिमोट आणि चार्जर यांचा देशातला बाजार फुगला. लॅमिंग्टन रोडवर ते मिळतात. पुण्याच्या मॅकफॉस कंपनीचं रोबू हे ऑनलाइन दुकान याच वस्तूंवर वाढलं आणि २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. ड्रोनचा हा बाजार बोटवाल्यांनी आपला करून घ्यावा, एवढंच मला सुचवायचं आहे. बोटीचेच म्हणावेत असे भाग मोजके उरतात: पंखा, सुकाण, शाफ्टचा आधार आणि बोटीचं अंग. सुकाण अॅल्युमिनियमच्या पट्टीतून कापता येतं. आधार आणि मोटरची पट्टी थ्रीडी प्रिंटरवर काढता येते. मात्र पीईटीजीमध्ये काढावी, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली बोट तिथवर सहज पोचते. एबीएसचं अंग तडकलं तर फायबरच्या बोटींना लावतात ते पॉलिएस्टर रेझिन त्यावर नीट धरत नाही. एबीएसचेच तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत भरावी, ती त्या प्लास्टिकशी एकजीव होते. पंखे तेवढे मिळतील तेव्हा अर्धा डझन घेऊन ठेवावेत.

हे कौशल्य आपल्याकडे अगदीच नवं नाही. एनसीसीच्या नौदल शाखेचे छात्र शिप मॉडेलिंग शिकतात. दरवर्षीच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धा असते आणि हे शिबिर अलीकडे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर भरलं आहे. नुसती मांडून ठेवायची मॉडेल्स नव्हेत, पाण्यावर चालणारीही त्यात असतात. बाहेरच्या जगात हा रीतसर खेळ आहे. त्याची नाविगा ही संघटना १९५९ मध्ये बाझेलला स्थापन झाली आणि तिच्या वेगवान इलेक्ट्रिक बोटींच्या गटांत बॅटरीच्या वजनावर मर्यादा असते, म्हणजे नुसती मोठी बॅटरी लावून जिंकता येत नाही. आणि हे केवळ खेळापुरतंही राहिलेलं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सागर डिफेन्स इंजिनिअरिंगची मातंगी ही माणसाविना चालणारी बोट मुंबईहून तुतिकोरिनच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. तिथेही माणूस आत न बसता बोट हाकण्याची हीच भाषा आहे. दिवाळ्याच्या एखाद्या मुलाने ती दीड फुटी बोटीवर शिकली तर पुढच्या बोटीवर ती वाया जाणार नाही.

राहिली सांभाळायची गोष्ट. तिवरांत बोट शिरली तर आत उतरू नये. कांदळवन कायद्याने राखलेलं आहे आणि चिखल कमरेपर्यंत ओढतो. नोव्हेंबर ते मे या काळात नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात. त्यांच्या आसपास वेगवान बोट कधीच सोडू नये, घाबरून उडालेला पक्षी त्या वेळचं खाणं गमावतो. खुंटाला डोल बांधली असेल त्या बाजूला जाऊ नये, जाळं कोणाच्या तरी पोटाचं आहे. बोटीच्या नाळेत आणि मागच्या कोपऱ्यात थर्माकोलचे तुकडे घट्ट बसवावेत, म्हणजे पाणी भरलं तरी ती बुडत नाही. बंद पडलेली बोट आणायला टेनिसच्या चेंडूला बांधलेली गळाची दोरी बोटीच्या पलीकडे फेकून ओढावी. पोहत जाऊ नये. सर्किटवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, मात्र कनेक्टरची टोकं सोडून.

घरी आल्यावर बॅटरी आधी काढायची. सेल ३.८ व्होल्टवर आणून फरशीवर, पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, फुगलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही. मग बोट बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून सिरिंजने थंडाव्याच्या नळीत पाणी मारायचं, तळाचे दोन ठिपके पुसायचे, शाफ्ट बाहेर ओढून जुनं ग्रीस काढून नवं भरायचं आणि एम४ नट हाताने सैल करून ठेवायचा, म्हणजे पुढच्या अष्टमीला तो मिठाने जाम झालेला सापडत नाही.